नीलच्या नावात तुम्ही नाही

व्याही, सात वर्षं तुम्ही माझ्यासाठी जे झाकून ठेवलंत, ते परवा मी तुमच्या लेकीला सांगून टाकलं. परवानगी विचारायला तुम्ही राहिला नाहीत, म्हणून हे लिहितेय. आणि मराठीतच लिहितेय. तुम्हाला मराठी येत नव्हतं, मला पोलिश येत नव्हतं, पण एका ओट्याशी उभं राहून आपण जे मोडकंतोडकं इंग्रजी बोललो त्यात एवढं सगळं मावायचं नाही.

तुम्ही कुठले, कधी जन्मलात, काय काम केलंत, ते चर्चमध्ये वाचून झालं. पाद्रीबाबा आयरिश, पण तुमचं नाव त्यांनी नीट जमवून म्हटलं. यानुश ग्रोखोव्स्की. मला ते तोंडात बसायला सहा महिने लागले होते, म्हणून तर मी तुम्हाला नुसतं 'व्याही' म्हणायला लागले. मुलाचा सासरा म्हणजे व्याही, हे मी तुम्हाला फार उशिरा सांगितलं. तोवर तुम्हाला वाटत होतं की मी तुमचं काहीतरी लाडाचं नाव पाडलंय, आणि तुम्ही आपले खूश. तुम्ही मला 'पानी सुशीला' म्हणायचात. पहिल्या दिवशी मी उठून पाण्याचा ग्लास आणून दिला. तो तुम्ही प्यायलात, परत 'पानी सुशीला' म्हणालात, मी परत आणला. तिसऱ्या ग्लासाला आन्या स्वयंपाकघरात आली आणि हसता हसता खुर्चीत बसली. पोलिशमध्ये पानी म्हणजे बाईसाहेब, हे तेव्हा कळलं मला.

तेव्हा आन्याला सातवा महिना होता. ती आणि माझा मंदार इथे आयर्लंडात, कॉर्कच्या एकाच औषधांच्या कारखान्यात कामाला, तिथेच त्यांचं जमलं. तिच्या पोलिश पासपोर्टामुळे मला इथे राहायचं कार्ड मिळालं. तुमच्या लेकीच्या जिवावर मी या देशात आहे, हे मला रोज आठवायला हवं होतं. आठवलं नाही.

तुमचे गुडघे तोवर कामातून गेले होते. वीसेक वर्षं गुडघ्यांवर बसून लोकांच्या न्हाणीघरांत टाइल्स बसवल्या तुम्ही. एकदा मला गुपित सांगितलंत. प्रत्येक घरात एका टाइलच्या मागे तुम्ही पेन्सिलीने तुमचं आडनाव लिहायचात आणि मग ती भिंतीत बसवायचात. मी विचारलं, मालकाला सांगता का? तर म्हणालात, मालकाला कशाला, ते नाव भिंतीसाठी आहे. मी म्हटलं, वेडे आहात. आता बसमधून जाताना ओळीने घरं दिसतात आणि वाटतं, यातल्या किती घरांत लोक तुमच्या आडनावासमोर उभे राहून अंघोळ करत असतील.

आडनावाचं वेडच होतं तुम्हाला. तो शाळेतला जुना अ‍ॅटलास घेऊन बसायचात, आणि जगात जिथे जिथे ग्रोखोव्स्की सापडेल तिथे बारीक अक्षरात नोंद. आधी फोनच्या डिरेक्टऱ्या चाळून, मग आन्याच्या लॅपटॉपवर एका बोटाने टाइप करून. मला सगळं समजावून सांगायचात, मी भाजी निवडत असले तरी. जर्मनीतल्या कोळशाच्या खाणींत गेलेले, त्यांतलेच पुढे फ्रान्सच्या खाणींत उतरलेले. शिकागोचा दातांचा डॉक्टर. अमेरिकेत नाव कापून छोटं केलेले, त्यांच्यावर तुमचा राग. ब्राझीलची ती बेकरीवाली बाई, तिने तुमच्या पत्राला फोटोसकट उत्तर पाठवलं. बाई असून ती नावात पुरुषासारखं 'स्की' लावते, 'स्का' नाही, याची तुम्हाला केवढी गंमत. तुम्ही म्हणालात, समुद्र ओलांडला की नाव घरच्या रीती विसरतं, पण नाव स्वतःला विसरत नाही. आयर्लंडच्या पानावर आधी काहीच नव्हतं. मग तुम्ही आलात आणि कॉर्कपाशी पहिलं नाव स्वतःचंच लिहिलंत. मग हळूहळू गॉलवे, लिमरिक, डब्लिन, पान भरत गेलं.

आणि तो दवाखान्यातला दिवस. मी तुमच्या सोबतीला आले होते. नर्सने ग्रोखोव्स्की म्हणून हाक मारली आणि दोघंजण उठले. दुसरा जेमतेम तिशीचा, पोलंडच्या अगदी दुसऱ्या टोकाचा. तुम्ही दोघं तिथेच गप्पा मारत बसलात आणि दोघांचाही नंबर गेला. बाहेर आल्यावर मी विचारलं, नात्यातला का? तुम्ही म्हणालात, छे, काही संबंध नाही. ग्रोख म्हणजे वाटाणा. जिथे वाटाणा पिकायचा त्या गावाला लोकांनी वाटाण्याचं नाव दिलं, अशी आमच्याकडे ढीगभर गावं, आणि त्या गावांहून निघालेले सगळे ग्रोखोव्स्की. मी म्हटलं, मग आमचं तसंच की. आम्ही तांदुळवाडकर. तांदुळवाडी नावाची गावं आमच्याकडे जिल्ह्याजिल्ह्यात, आणि आमची नेमकी कुठली ते माझ्या सासऱ्यांनाही छातीठोक सांगता यायचं नाही. तुम्ही रस्त्यात थांबून हसलात. वाटाणे आणि तांदूळ, म्हणालात, पोरांनी लग्न केलं ते बरोबरच केलं. त्या रविवारी मी मटारभात केला. पुढच्या रविवारी तुम्ही तुमचं वाटाण्याचं सूप केलंत, माझ्यासाठी सॉसेज न घालता, आणि सॉसेजशिवाय ते करणं हे तुमच्या हातून झालेलं मोठं पाप आहे असं पातेलं उतरेपर्यंत सांगत होतात.

पण मी विचारलं होतं ना, नातं नाही तर मग ही नावं कशाला गोळा करता? तुम्ही म्हणालात, नंतर सांगतो. ते राहिलंच.

आता मुख्य गोष्टीवर येते. टाळतेय मी, कळतंय मला.

नील व्हायच्या आधीपासून तुमच्या मनात होतं की बाळाच्या नावात मध्ये तुमचं आडनाव यावं. शेवटी तांदुळवाडकर असू दे, मध्ये ग्रोखोव्स्की. आन्या तुमची एकुलती एक, तुम्हाला भाऊ नाही. तुम्ही ते मागितलं नव्हतं, नुसतं एकदा बोलून दाखवलं होतं, आणि आन्याने लगेच हो म्हटलं होतं. मंदारनेही. मला कोणी काही विचारलं नाही, आणि मी तेव्हा काही बोलले नाही.

मग नील झाला. तुम्ही त्याला पहिल्यांदा घेतलंत ते आठवतं मला. एवढ्या जड टाइल्स उचलणारा माणूस, आणि साडेतीन किलोच्या पोराला घेताना घामाघूम. त्याच्या काळ्याभोर जावळावरून बोट फिरवत पोलिशमध्ये काहीतरी पुटपुटत राहिलात.

तिसऱ्या आठवड्यात नाव नोंदवायला जायचं होतं. आदल्या दिवशी सकाळी मंदार कामावर, आन्या बाळाला घेऊन वर झोपलेली, आणि आपण दोघं खाली चहा पीत होतो. मी ठरवून बोलले, व्याही. ओघात निघालं असं नाही. मी म्हटलं, आमच्यात मुलाच्या नावात मध्ये बापाचं नाव असतं. मधली जागा बापाची. ती रिकामी राहिली किंवा तिथे दुसरंच काही आलं तर आमचे लोक विचारतात, कोणाचा हा? तुम्ही शांतपणे विचारलंत, आणि आई? आई कुठे असते? मी म्हटलं, आई नावात नसते.

मी जे सांगितलं नाही ते आता सांगते. मंदारच्या नावात मध्ये त्याचे वडील आहेत. ते गेल्यापासून वीज बिलावर, बँकेच्या कागदावर, विमानाच्या तिकिटावर, मंदारचं नाव दिसलं की मला ते भेटतात. मला वाटलं, आता मंदारला त्याच्या मुलाच्या नावात ती जागा मिळाली नाही तर ही साखळी माझ्या डोळ्यांदेखत तुटेल. हे जर मी तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. तुमच्याइतकं ते कोणालाच कळलं नसतं. पण त्याऐवजी मी काय बोलले? तुमच्या त्या अ‍ॅटलासकडे बोट दाखवून म्हणाले, "जगात एवढे ग्रोखोव्स्की आहेत. एक कमी झाला तर काय बिघडलं?"

तुम्ही हसलात. तोंडभर नाही, एका बाजूने. कप विसळलात, पालथा घातलात, हात पुसलेत. मी म्हटलं, मी आन्याशी बोलते. तेव्हा तुम्ही मला थांबवलंत. तुमचे शब्द मला पाठ आहेत.

"तुम्ही या घरात राहणार. मी दहा मिनिटांवर. आन्याशी तुमचं भांडण नको. माझं चालेल."

संध्याकाळी तुम्ही आन्याला सांगितलंत की माझा विचार बदलला, एवढं लांब नाव कशाला पोराच्या गळ्यात, शाळेत बिचाऱ्याचे हाल होतील. मी तिथेच होते. पोळ्या लाटत होते. आन्याने तुमच्याकडे एकदा पाहिलं, मग नीलकडे पाहिलं, आणि "ग्रँड", म्हणजे इथल्या भाषेत ठीक आहे, एवढंच म्हणाली. मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. तिच्या त्या पाहण्यात काय होतं ते मला दिसलं नाही. मी पोळी उलटली.

नील मंदार तांदुळवाडकर. दाखल्यावर तसं छापून आलं, मी तो दाखला देवापुढे ठेवून हळदकुंकू लावलं, आणि तुम्ही त्यादिवशी केक घेऊन आलात.

त्यानंतर सात वर्षं आपण दोघांनी त्याला वाढवला, ती दोघं कामावर असताना. तुम्ही त्याला पोलिशमध्ये दटावायचात, मी मराठीत, आणि तो दोघांनाही कॉर्ककरांच्या हेलात उत्तर द्यायचा. तुम्ही त्याचे जादेक, मी आजी. त्याला प्रेसमधून, म्हणजे कपाटातून हो, बिस्किटं काढून द्यायची तुमची पद्धत अशी की आधी मला बाहेर पाठवायचं. आपण भांडलो किती त्याच्यावरून. थंडीत टोपी घालायची की नाही, ताप आला की अंघोळ घालायची की नाही. पण त्या नावाबद्दल तुम्ही पुन्हा अक्षर काढलं नाहीत. मला वाटलं, विसरलात. सोयीचं होतं तसं वाटणं.

मग एकदा, नील चार वर्षांचा असेल, तुम्ही अ‍ॅटलासमधलं भारताचं पान उघडून माझ्यापुढे ठेवलंत. तांदुळवाडी कुठे ते दाखवा. मी अंदाजाने बोट ठेवलं. तुम्ही म्हणालात, हे नवऱ्याचं. तुमचं कुठलं? लग्नाआधीचं? पन्नास वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, माहेर साताऱ्याचं, आडनाव दिवटे. आणि नावही सुशीला नव्हतं, कुसुम होतं. लग्नात तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं आणि जुनं संपलं. तुम्ही पेन्सिलीला टोक केलंत आणि मला एकेक अक्षर विचारून, साताऱ्याच्या बाजूला, समासात लिहिलंत. कुसुम दिवटे. मग म्हणालात, आता कमी नाही.

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं, व्याही. तुमचा हात धरून म्हणायला हवं होतं की चुकलं माझं, चला आन्याला सांगू. मी काय केलं? चहा टाकते म्हणाले आणि उठले. डोळ्यांत पाणी आलं होतं ते तुम्हाला दिसू नये म्हणून गॅसपाशी उभी राहिले, पाणी उकळून गेलं तरी. तुमच्या नावाला मी जे नाकारलं ते तुम्ही माझ्या नावाला दिलंत, आणि तेही मी घेऊन गप्प बसले.

तुमच्या मातीला पुष्कळ लोक आले. ज्यांच्या घरी तुम्ही काम केलं होतं ती आयरिश माणसं रांगेने येऊन आन्याचा हात हातात घेत होती. एक म्हातारा मला म्हणाला की त्यांच्या न्हाणीतली एकही टाइल इतक्या वर्षांत हलली नाही. आन्या सगळ्यांशी नीट बोलली, सँडविचं पुरली का बघितलं, नीलचा टाय सरळ केला. रडली नाही. सगळे म्हणत होते, केवढी खंबीर. मलाही तसंच वाटलं. सासू म्हणून थोडा अभिमानही वाटला, बघा.

परवा आम्ही दोघी तुमच्या घरी तुमचं सामान आवरायला गेलो. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, ती पुस्तकं खोक्यात भरत होती. अ‍ॅटलास हाताला लागला तशी ती खाली फरशीवर बसली आणि पानं उलटायला लागली. कॉर्कपाशी तुमचं नाव, शेजारी आन्याचं, आणि त्याखाली मोकळी जागा सोडलेली. ती मला म्हणाली, मराठीत म्हणाली, तिला अवघड जातं तरी. "बाबांना माझ्या मुलाला आपलं नाव द्यायचं नव्हतं, आई. जन्माआधी द्यायचं होतं. त्याला बघितलं आणि नको झालं. त्याचा रंग बघून. मी कधी विचारलं नाही, कारण ते हो म्हणाले असते तर मी काय केलं असतं?"

माझ्या हातात तुमचा सदरा होता. मी तो खाली ठेवला.

सात वर्षं, व्याही. सात वर्षं तिने हे उराशी धरून तुम्हाला रविवारी जेवायला बोलावलं. सात वर्षं तुम्ही नीलला खांद्यावर घेतलंत की ती बघत असणार, हे खरं की दाखवायचं. आणि तुम्हाला हे माहीत होतं का? मला तेच कळत नाहीये. माहीत असून गप्प राहिला असाल तर मी काय करू, आणि माहीत नसताना गेला असाल तर काय करू. दोन्हींत मीच आहे.

मी तिला सगळं सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसायचा मला हक्क नव्हता. चहा, मधली जागा, मंदारचे वडील, सगळं. आणि एक कमी झाला तर काय बिघडलं, तेही. ते वगळायचा मोह झाला होता, पण वगळलं नाही. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "ते नेमकं काय म्हणाले? त्यांचे शब्द सांगा." मी सांगितले, तुमच्याच इंग्रजीत, जसेच्या तसे. तिने ते परत सांगायला लावले. मग तिसऱ्यांदा.

मग मी म्हटलं की मंदारला विचारते, नाव अजून बदलता येत असेल. लहान आहे नील, कागद करून टाकू, मध्ये ग्रोखोव्स्की लावू, मी स्वतः येते सही करायला जिथे लागेल तिथे.

तिने मान हलवली. "आता नाही," म्हणाली. "आता ते तुमच्यासाठी होईल. बाबांसाठी नाही."

तिने मला या वेळी आई म्हटलं नाही. ते माझ्या लक्षात आलं, आणि तिच्याही आलं असणार. कालही म्हटलं नाही, आज सकाळीही नाही. चहा मात्र माझा ठेवते. मंदार बिचारा दोघींकडे आळीपाळीने बघतोय. तुम्ही असतात तर आतापर्यंत येऊन काहीतरी स्वतःवर घेऊन मोकळे झाला असतात. नका घेऊ. हे माझ्याकडेच राहू द्या. तिला जितके दिवस लागतील तितके लागू देत, आणि नाहीच फिरली तर तेही बरोबर.

पण एवढं सांगायचं होतं, म्हणून कागद घेतला. त्या दुपारी, सांगून झाल्यावर, मी तुमच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. ती आत जमिनीवरच बसलेली. तिने पोलंडला तिच्या मावशीला फोन लावला. पोलिशमध्ये बोलत होती, मला काही कळत नव्हतं. मध्ये दोनदा माझं नाव ऐकू आलं, कठोर होतं, असणारच. मग 'ताता' म्हणाली, बाबा. परत म्हणाली. आणि मग व्याही, तुमची लेक रडायला लागली. मोठ्याने, लहान पोरं रडतात तशी, श्वास अडकेपर्यंत. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. कदाचित सात वर्षांत पहिल्यांदा तुमच्यासाठी.

मी दाराशी गेले नाही. ते रडणं तुमचं होतं. मी पाठ फिरवून उभी राहिले आणि तिला पोटभर रडू दिलं.